सहा रूपांचा बहुरूपी

दारी येणाऱ्या बहुरूप्याची पारख करण्याची आपल्याकडे एक साधी रीत होती. तुला एकंदर किती सोंगे येतात, असे त्याला कोणी विचारत नसे. पोलिसाचा गणवेश चढवून तो अंगणात उभा राहिला आणि घरातला कर्ता माणूस क्षणभर का होईना चपापला, तर सोंग वठले. चपापला नाही, तर त्याच्या पोतडीत आणखी वीस सोंगे असली तरी त्यांचे कौतुक नाही. खेळण्यांच्या दुकानातल्या एका बहुरूप्याच्या बाबतीत मात्र ही रीत गेली चाळीस वर्षे उलटी झाली आहे. तिथे खोक्यावर आधी आकडा छापला जातो: दोन रूपे, तीन रूपे, सहा रूपे. आणि आकडा जितका मोठा तितके खेळणे श्रेष्ठ, अशी समजूत विकणारा आणि घेणारा दोघेही बाळगून असतात.

मोटारीचा यंत्रमानव आणि यंत्रमानवाची मोटार करणाऱ्या खेळण्यांविषयी हे लिहीत आहे. आज त्यांना सारे जग ‘ट्रान्सफॉर्मर्स’ म्हणून ओळखते. या नावाने ती १९८४ साली अमेरिकेत ‘हॅस्ब्रो’ कंपनीने बाजारात आणली. पण त्यांचा जन्म जपानचा. तिथल्या ‘टाकारा’ कंपनीने १९८० मध्ये ‘डायाक्लोन’ नावाची खेळणी काढली होती. त्यात इंचभर उंचीची माणसे असत आणि ती गाड्यांमध्ये, विमानांमध्ये, यंत्रमानवांमध्ये चालक म्हणून बसत. १९८३ मध्ये त्याच कंपनीची ‘मायक्रो चेंज’ ही दुसरी मालिका आली. तिच्यात टेपरेकॉर्डर, पिस्तूल अशा घरातल्या वस्तूंच्या आकाराची खेळणी उघडून यंत्रमानव होत. हॅस्ब्रोने या दोन्ही घरची मंडळी एकत्र केली. चालक काढून टाकले आणि यंत्रांनाच जीव दिला. ‘मार्व्हल’ या चित्रकथांच्या प्रकाशनसंस्थेतले बॉब बुडियान्स्की यांनी त्यांतल्या बहुतेकांची नावे आणि स्वभाव लिहून काढले. भल्यांचा पक्ष ‘ऑटोबॉट’ आणि बुऱ्यांचा ‘डिसेप्टिकॉन’ झाला. गंमत अशी की, पहिल्या खेळण्यांपैकी कित्येकांत ती चालकाची चिमुकली बैठक तशीच राहून गेली.

या खेळण्यांच्या खोक्याच्या पाठीवर त्या काळी एक गुणपत्रिका छापलेली असे. ताकद, बुद्धी, वेग, चिकाटी, हुद्दा, धैर्य, मारा आणि कौशल्य हे आठ विषय, आणि प्रत्येकाला दहापैकी गुण. नुसत्या डोळ्यांना ते वाचता येत नसत. सोबत दिलेल्या लाल प्लास्टिकच्या पट्टीतून पाहिले की उमटत. मुलांना त्याचे वेड होते. पण हे सारे गुण कथेतल्या पात्राचे होते. खेळण्याची बिजागरी किती घट्ट, यंत्रमानव दोन पायांवर नीट उभा राहतो की नाही, मोटार झाल्यावर तो मोटार वाटतो की गुडघ्यात डोके घालून बसलेला माणूस, या विषयांना गुण नव्हते. ते आपण द्यायचे.

पहिला निकष अर्थातच सोंग वठण्याचा. नाव आणि खोके बाजूला ठेवून खेळणे परक्या माणसाच्या हाती दिले, तर हे काय आहे ते त्याला सांगता आले पाहिजे. दुसरा निकष उरल्यासुरल्याचा. एक रूप घेताना दुसऱ्या रूपाचे अवयव कुठे गेले? ते आत मुडपले, नव्या कामाला लागले, की नुसतेच पाठीवर लोंबत राहिले? तिसरा निकष वाटेचा, म्हणजे एका रूपातून दुसऱ्यात जाताना हाताला काय सापडते याचा. चौथा निकष गरजेचा. या वस्तूला हे दुसरे रूप हवे तरी कशाला?

ऑटोबॉटांचा नायक ‘ऑप्टिमस प्राइम’ पहिल्या निकषाला उत्तम उतरतो. सपाट नाकाचा लाल अमेरिकी ट्रक आणि रुंद छातीचा यंत्रमानव, दोन्ही रूपे पाहताक्षणी पटतात, कारण ट्रकच्या काचा हीच त्याची छाती आहे. दडवण्याजोगे काही उरतच नाही. पण ट्रकमागच्या लांबलचक ट्रेलरचे काय? तो यंत्रमानवाच्या अंगात कुठेच बसत नाही. खेळण्यात तो बाजूला उघडून तळ होतो, आणि दूरचित्रवाणीच्या मालिकेत तर नायकाने रूप पालटले की सरळ नाहीसा होतो. उरल्यासुरल्याचा हिशेब तिथे लागत नाही.

खलनायक ‘मेगाट्रॉन’ची कथा आणखी बोधप्रद आहे. १९८४ चे हे खेळणे जर्मन बनावटीच्या वॉल्थर पी-३८ पिस्तुलाचे रूप घेई, आणि ते इतके हुबेहूब होते की सोंग वठण्याला पैकीच्या पैकी गुण द्यावेत. पण अमेरिकेत मुलांच्या हातातली खरी वाटणारी खेळण्यातली पिस्तुले हा गंभीर विषय होता. १९८८ च्या कायद्याने अशा पिस्तुलांच्या तोंडाशी ठळक नारिंगी खूण सक्तीची झाली. पुढच्या काळातला मेगाट्रॉन बहुधा रणगाडा किंवा दुसरे काही झाला. सोंग फार चांगले वठणे हीही कधी कधी अडचण ठरते, हे बहुरूप्याला सांगायला नकोच.

दोन रूपांचा हा संसार सुरळीत चालला असता १९८५ मध्ये तीन रूपांची खेळणी आली. ‘ॲस्ट्रोट्रेन’ हा यंत्रमानव वाफेचे इंजिनही होई आणि अवकाशयानही. ‘ब्लिट्झविंग’ रणगाडा होई आणि जेट विमानही. इथे कारागिराची खरी कसोटी सुरू होते. दोन रूपांत प्रत्येक तुकड्याला दोनच कामे असतात. एका रूपात जो बाहेर दिसतो, तो दुसऱ्यात आत जाऊ शकतो. तिसरे रूप आले की दडण्याच्या जागा संपू लागतात. रणगाडा रुंद आणि जाड हवा, विमान निमुळते आणि हलके. दोघांचे अंग एकच असल्याने ब्लिट्झविंगचे विमान रणगाड्याचा स्थूलपणा घेऊनच उडते. तिन्ही रूपे ओळखू येतात, पण प्रत्येकाने दुसऱ्यासाठी काही ना काही सोडलेले असते. एका मिळकतीचे तीन वाटे झाले की कोणाच्याच वाट्याला वाडा येत नाही, तसे हे आहे.

आणि मग १९८७ मध्ये आला ‘सिक्सशॉट’. रूपे सहा: यंत्रमानव, लढाऊ विमान, रणगाडा, चिलखती गाडी, पिस्तूल आणि पंख असलेला लांडगा. नावातच आकडा. या खेळण्याचे चाहते आजही जगभर आहेत आणि त्यांचे प्रेम अनाठायी नाही. यंत्रमानव म्हणून तो रुबाबदार आहे. विमानही पटते. पण रणगाडा आणि चिलखती गाडी शेजारी शेजारी मनात आणून पाहा. ही दोन सोंगे की एकाच सोंगाने फेटा बदलला? पिस्तूल तर सांगितल्यावर पिस्तूल वाटते. लांडग्याच्या पंखांचे कोडे विमानाकडे पाहिले की सुटते. विमानाचे पंख कुठेतरी ठेवायला हवेत, ते लांडग्याच्या पाठीवर राहिले आणि कथेने त्यांना वैभव म्हणून स्वीकारले. हिशेब मांडायचा तर सहापैकी तीन सोंगे वठतात, एक बरे आहे आणि दोन आकड्यासाठी आहेत.

पण एवढ्यावर निकाल देऊन थांबणे अन्यायाचे होईल, कारण याच खेळण्याला दोन देशांनी दोन वेगळ्या गोष्टी दिल्या. अमेरिकेतल्या खोक्यावर सिक्सशॉट ही ‘एकट्याची फौज’ होती. एकाच अंगात रणगाडा, विमान आणि तोफखाना. तिथे सहा म्हणजे सहापट बळ. जपानमध्ये त्याच वर्षीच्या ‘हेडमास्टर्स’ या चित्रमालिकेत तो निंजा झाला. निंजाचे कामच मुळी वेशांतराचे. शत्रूला चकवायचे, पाठलाग करणाऱ्याच्या डोळ्यांदेखत दुसरे काही व्हायचे. तिथे सहा रूपांना कारण मिळाले. पिस्तूल फारसे पिस्तुलासारखे नसले तरी चालते, कारण महत्त्व रूपाला नसून पालटण्याच्या क्षणाला आहे. प्लास्टिक तेच, साचा तोच. पण चौथ्या निकषावर, गरजेच्या निकषावर, जपानी सिक्सशॉट उजवा ठरतो.

तिसरा निकष वाटेचा, आणि माझ्या मते मुलांच्या दृष्टीने तोच सर्वांत मोठा. या खेळण्यांसोबत घडीचा सूचनाकागद येतो. पहिल्या दिवशी मूल त्यावर डोळे लावून बसते, हात अडखळतो, खाच बसत नाही. आठवड्याभरात कागद पलंगाखाली जातो आणि बोटे आपसूक चालू लागतात. वस्तूची रचना हाताने पाठ होणे ही मोठी गोष्ट आहे. कोणता तुकडा आधी फिरवला नाही तर पुढचा अडतो, जोर कुठे लावायचा नाही, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. अभियांत्रिकीचा हा पहिला धडा खेळता खेळता होतो. म्हणून वाट फार सोपी नको आणि पालकांना हाक मारावी लागेल इतकी अवघडही नको. सिक्सशॉटची वाट या दृष्टीने चांगली आहे. चारदोन हालचालींत रूप बदलते आणि मूल मनात येईल तेव्हा लांडग्याचे विमान करू शकते. पुढे प्रौढ संग्राहकांसाठी निघालेल्या काही महागड्या प्रतिकृतींत रूपे नितांत देखणी झाली, पण एकेक बदल करायला इतका वेळ आणि इतकी धाकधूक लागू लागली की खेळणे फडताळातच बरे असे मालकाला वाटावे.

२०२१ मध्ये तर याच्याही पुढचे पाऊल पडले. ‘रोबोसेन’ कंपनीने स्वतःहून रूप पालटणारा ऑप्टिमस प्राइम काढला. आत २७ मोटारी, किंमत सुमारे ७०० डॉलर. तोंडाने आज्ञा द्यायची की तो उभा राहतो, आज्ञा द्यायची की ट्रक होतो. पाहणारा थक्क होतो यात शंका नाही. पण मुलाच्या हाताला त्यात काम उरले नाही. इतकी वर्षे त्या खेळण्याचे इंजिन मुलाची दहा बोटे होती. इंजिन आत गेले आणि मूल प्रेक्षक झाले.

आता राहिला गरजेचा प्रश्न. जपानी खेळण्यांचे हॅस्ब्रोशी सूत जुळवण्यात हेन्री ओरेनस्टीन या संशोधकाचा मोठा वाटा होता. १९२३ साली पोलंडमध्ये एका ज्यू कुटुंबात ते जन्मले. नाझींच्या छावणीत असताना ज्यू शास्त्रज्ञ आणि गणितज्ञ हवे असल्याची घोषणा झाली. तसले काहीही शिक्षण नसताना त्यांनी स्वतःचे आणि आपल्या भावांचे नाव नोंदवले. त्या खोट्या ओळखीने त्यांना तगून राहायला मदत झाली. २०२१ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर ते वारले. त्या भीषण अनुभवाचा आणि एका खेळण्याचा संबंध जोडण्याचे कारण नाही. मात्र रूप पालटणे ही नेहमीच हौस नसते, कधी ती जगण्याची अट असते, हे या माणसाला बाजारातल्या कोणापेक्षाही अधिक ठाऊक होते.

अशीच एक अट अलीकडे चंद्रावर पुरी झाली. टाकारा कंपनी २००६ मध्ये ‘टोमी’त विलीन होऊन ‘टाकारा टोमी’ झाली होती. जपानची अवकाशसंस्था जाक्सा, सोनी आणि दोशिशा विद्यापीठ यांच्यासह या खेळणी कंपनीने ‘सोरा-क्यू’ नावाचा छोटा यंत्रमानव तयार केला. आठ सेंटिमीटर व्यासाचा गोळा, वजन पाव किलोच्या आसपास. रूपे दोनच. यानात जागा आणि वजन दोन्ही तोलून मापून मिळते, म्हणून प्रवासात तो चेंडू होतो. चंद्राच्या भुसभुशीत धुळीत चेंडूला चालता येत नाही, म्हणून उतरल्यावर तो मधोमध उघडतो. दोन अर्धगोलांची चाके होतात आणि आतून कॅमेरा वर येतो. २० जानेवारी २०२४ रोजी ‘स्लिम’ हे जपानी यान चंद्रावर उतरले, आणि अलगद उतरण्यात यश मिळवणारा जपान हा भारतानंतरचा, पाचवा देश ठरला. यान उतरले खरे, पण नाकावर कलंडून. हे पृथ्वीवरच्या माणसांनी छायाचित्रात पाहिले ते सोरा-क्यूमुळे. त्याने टिपलेले चित्र सोबतच्या दुसऱ्या छोट्या यंत्राने पृथ्वीकडे धाडले.

मुलांच्या हातात तयार झालेली ही विद्या तिथे कामी आली. त्या गोळ्याला तिसरे रूप देणे त्या कारागिरांना अशक्य नव्हते. सहा रूपे करून दाखवणाऱ्या घराण्याचेच ते वारस. पण तिसऱ्याचे तिथे काम नव्हते, म्हणून त्यांनी ते दिले नाही. आपण दुकानात उभे राहतो तेव्हा खोक्यावरच्या आकड्याकडे पाहण्याआधी खेळणे हातात घ्यावे, एकदा पालटून पाहावे आणि मुलाला पालटू द्यावे. कोणते रूप घेऊन ते खेळत बसते, तेवढी रूपे खरी धरावीत आणि किंमत त्यांचीच मोजावी.