ट्यूबाची पारख

उरणकरांना पितळी वाद्ये अपरिचित नाहीत. वरातीत बँड वाजू लागला की चाल सांगतात क्लॅरिनेट आणि ट्रंपेट. परंतु पावले ज्याच्यावर पडतात तो खर्ज पोटाशी धरलेले एखादे मोठे वाद्य देत असते. त्याच कुळातील सर्वांत थोरले वाद्य म्हणजे ट्यूबा. मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरले की नरिमन पॉइंट काही फार लांब नाही. तेथील नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स या संस्थेने २००६ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा वाद्यवृंद उभारला. अशा वाद्यवृंदात व्हायोलिनवादक अनेक असतात, ट्यूबावादक बहुधा एकटाच. त्याचा बेसूर झाकायला शेजारी कोणी नाही. म्हणून तो आपले वाद्य कसे निवडतो, हे पाहणे उद्बोधक आहे.

पहिला प्रश्न पट्टीचा. आपल्याकडे गायक आपल्या गळ्याप्रमाणे तंबोरा घेतो, तसेच येथेही आहे. मात्र येथे गळा वादकाचा नसून रचनेचा असतो. पेटीच्या भाषेत सांगायचे तर ट्यूबा चार पट्ट्यांत मिळतो : पांढरी चार, काळी दोन, पांढरी एक आणि काळी पाच. पहिल्याची नळी उलगडली तर सुमारे १२ फूट भरेल, शेवटच्याची १८ फूट. नळी जितकी लांब तितका स्वर खाली. बर्लिनमध्ये १८३५ साली व्हीप्रेख्ट आणि मोरिट्झ यांनी ज्याचे पेटंट घेतले तो पहिला ट्यूबा पांढरी चारचा होता. पुढे जर्मनीत व रशियात काळी पाच, अमेरिकेत पांढरी एक, तर इंग्लंडात काळी दोन रूढ झाली.

परंतु एकाच वाद्यावर सर्व भागत नाही. प्रोकोफिएव्हच्या पाचव्या सिंफनीला भरघोस, खोल खर्ज लागतो. तेथे मोठा ट्यूबा हवा. उलट मुसोर्गस्कीच्या चित्रमालिकेचे राव्हेलने १९२२ साली वाद्यवृंदासाठी जे रूपांतर केले, त्यात बैलगाडीच्या प्रसंगी ट्यूबाला एकट्याने फार उंच स्वरांत गावे लागते. तेथे लहान वाद्य सोयीचे. म्हणून पुष्कळ व्यावसायिक वादक एक मोठे आणि एक लहान अशी दोन वाद्ये बाळगतात.

दुसरी कसोटी सुरेलपणाची. व्हॉल्व्ह दाबला की नळीत आणखी एक तुकडा जोडला जातो आणि स्वर उतरतो. प्रत्येक तुकडा मूळ नळीच्या मापाने कापलेला असतो. दोन-तीन व्हॉल्व्ह एकदम दाबले म्हणजे नळी आधीच लांबलेली असते, तिला तो तुकडा अपुरा पडतो आणि स्वर चढा लागतो. हा दोष सावरण्यासाठी चौथा, पाचवा व्हॉल्व्ह बसवतात. जाणता वादक दुकानात झगझगीत पितळ पाहत नाही; तो एकेक स्वर सावकाश धरतो, कोणता चढतो, कोणता उतरतो, आणि तो ओठांनी व नळ्या सरकवून सावरता येतो की नाही, हे तपासतो. अगदी हळू फुंकरीला वाद्य लगेच बोलते की नाही, हेही पाहतो.

तिसरी कसोटी आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. ट्यूबाचा कर्णा आकाशाकडे उघडतो, आणि वादक त्याच्या खाली बसतो. आवाज आधी छताकडे जातो, मग सभागृहात पसरतो. तेव्हा वादकाला जे भव्य वाटते ते शेवटच्या रांगेत घोगरे ऐकू येण्याचा संभव असतो. म्हणून शहाणा वादक जाणकार सहकाऱ्याला दूर बसवतो, दोन-तीन वाद्यांवर तोच भाग वाजवतो आणि निर्णय त्याच्या कानांवर सोपवतो. आपला स्वर शेजारच्या ट्रॉम्बोनांशी मिळतो का, हेही ताडून पाहतो.

उत्तम वाद्याचे मोल किती असते? शिकागो वाद्यवृंदात १९४४ ते १९८८ वाजवणारे अर्नोल्ड जेकब्स अमेरिकेतील यॉर्क कारखान्याचा जो ट्यूबा वाजवीत, तो इतका वाखाणला गेला की स्वित्झर्लंड व जपानमधील कारागिरांनी पुढे त्याच्या प्रतिकृती घडवल्या.

आमच्या गावातील एखादा तरुण बँडसाठी मोठे वाद्य घ्यायला निघाला, तर त्याचे पैसे कष्टाचे असतात. त्याने चकाकीवर आणि गडगडाटावर भुलू नये. सोबत एक जाणता कान न्यावा, आणि त्याला लांब उभे करावे. वाद्य वाजवणाऱ्याच्या हाती असले, तरी ते असते ऐकणाऱ्यासाठी.