थंडी मोजणारे फूल

मार्च संपत आला की श्रीनगरला झबरवान डोंगराच्या पायथ्याच्या बागेत लाल, पिवळ्या, जांभळ्या ट्युलिपचे पट्टेच्या पट्टे उमलतात. २००७ साली खुली झालेली ही बाग पाहून परतलेल्या अनेकांना वाटते, हे फूल आपल्या कुंडीत का येऊ नये? याचे उत्तर थंडीत आहे.

ट्युलिपचे मूळ घर मध्य आशियातले, तिएन शान आणि पामीरच्या उतारांवरचे. तिथे हिवाळा कडाक्याचा, वसंत अगदी थोडका आणि उन्हाळा कोरडा. त्यामुळे ही वनस्पती वर्षाचा बहुतेक काळ जमिनीखाली कंदाच्या रूपात काढते. कांद्यासारखे एकावर एक मांसल थर आणि त्यांत साठवलेले स्टार्च, अशी या कंदाची रचना असते.

उन्हाळ्यात कंद निपचित दिसतो, पण पुढच्या वसंतातले फूल आत तेव्हाच घडत असते. दांडा मात्र लगेच वाढत नाही. त्यासाठी साधारण १२ ते १६ आठवडे १० अंश सेल्सिअसखालची थंडी लागते. या काळात स्टार्चची साखर होते, संप्रेरकांचा तोल बदलतो आणि मग ऊब मिळताच दांड्याच्या पेशी झपाट्याने लांबतात. थंडी अपुरी पडली, तर दांडा खुजा राहतो किंवा कळी आतच सुकते.

उमललेले फूलही तापमानानेच चालते. त्याच्या सहा पाकळ्यांपैकी बाहेरच्या तीन ही खरे तर निदले, पण तितकीच रंगीत. उबेत पाकळ्यांची आतली बाजू वेगाने वाढते आणि फूल उघडते. गारव्यात बाहेरची बाजू वाढते आणि ते मिटते. या रोजच्या उघडमिटीत पाकळ्या लांबतही जातात.

दिल्लीत फुलणारे बहुतेक ट्युलिप नेदरलँड्सहून आणलेल्या, आधीच थंडी दिलेल्या कंदांचे असतात. पुण्या-नाशिकच्या हौशी बागकाराला कंद फ्रिजमध्ये ठेवून हा हिवाळा पुरवता येतो. शेजारी सफरचंद किंवा केळी मात्र नकोत. पिकत्या फळांतून निघणारा इथिलीन वायू कळी मारतो. एवढे करूनही आपल्या उन्हात पाने लवकर वाळतात, नव्या कंदात पुरेसे अन्न साठत नाही आणि पुढच्या वर्षी पुन्हा नवे कंद आणावे लागतात.

काश्मीरमधला रंगांचा तो सोहळा आधीच्या हिवाळ्याने घडवलेला असतो. म्हणूनच तिथली थंडी टिकणे हा तिथल्या ट्युलिपच्या बहराचा प्रश्न आहे.