तापलेली हलगी

हलगी वाजवण्याआधी शेकावी लागते. कड्यावर ताणून बसवलेलं कातडं पौषाच्या गारठ्यात ओल धरतं, सैल पडतं आणि आवाज बसतो. नळदुर्गच्या खंडोबाच्या यात्रेत म्हणून आधी पाचोळा पेटतो. हलगी जाळासमोर फिरवायची, मधूनच टिचकी मारून पाहायची. ‘बद्द’ वाजली की पुन्हा जाळावर, ‘टण्ण’ वाजली की खांद्याला. जाळ जास्त झाला तर कातडं तडकतं, तेव्हा नजर क्षणभरही हटत नाही. धुरात मिसळलेला तापल्या चामड्याचा उग्र वास मिरवणुकीभर कपड्यांना चिकटून राहतो. हल्ली फायबरचं पान लावलेली, नटबोल्ट आवळून चढवायची हलगीही मिळते. ती कडक वाजते, पण घुमत नाही.

इथला खंडोबा सव्वादहा महिने अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गला असतो. मंदिरं दोन, मूर्ती एकच. पौष पौर्णिमेची यात्रा या पावणेदोन महिन्यांतच भरते. जागरणात वाघ्याची दिमडी आणि तुणतुणं असतं, रस्त्यावर मात्र राज्य हलगीचं.

एका हातातली लांब, बारीक काडी कडेजवळ अखंड चुरचुरत राहते. दुसऱ्या हातातलं आखूड, जाड टिपरू मध्यावर पडतं. खरी गंमत टिपरू पडत नाही तिथे असते. अपेक्षित ठोका किंचित आधी येतो किंवा गाळलाच जातो, आणि ती मोकळी जागा नाचणाऱ्याचा पाय भरून काढतो. वाजवणारा त्या पायांकडे बघतच लय वाढवतो. डीजेच्या भिंतीला आवाज आहे, ही नजर नाही.

अमेरिकेतल्या फंक संगीताचा जोमही याच मोकळ्या जागांतून येतो. आईच्या साथीला ड्रमर नव्हता म्हणून तिथले बासवादक लॅरी ग्रॅहम गिटारची तार अंगठ्याने ठोकू लागले. पुढे फंक रॉकमध्ये तारेचं असं तालवाद्य होणं रूढ झालं.

पिढ्यानपिढ्या हलगी मातंग आणि महार समाजांच्या हाती राहिली. दवंडी, वरात, अंत्ययात्रा, सगळीकडे गावाला वाद्य हवं होतं, वाजवणारा मात्र उंबऱ्याबाहेर. आंबेडकरी चळवळीत अनेकांनी हे गावकीचं काम सोडलं, ते स्वाभिमानासाठी. आज जे वाजवतात त्यांना सुपारी मिळते, पण कार्यक्रमपत्रिकेत त्यांचं नाव क्वचितच छापलं जातं.