फॅरडेला थेम्सने दिलेली हुलकावणी

मीटरभर व्यासाच्या जलवाहिनीतला प्रवाह पाइप न कापता मोजता येतो का, असं एका वाचकांनी विचारलं आहे. येतो. वाहिनीवर बॉल व्हॉल्व्ह बसवायचा, पाणी चालू असतानाच त्यातून भोक पाडायचं आणि टोकाला दोन इलेक्ट्रोड असलेली स्टीलची कांडी आत सरकवायची. हा झाला इन्सर्शन मॅगमीटर. शटडाउन नाही, क्रेन नाही.

यामागची कल्पना मात्र नदीवरची. जानेवारी १८३२ मध्ये मायकेल फॅरडे लंडनच्या वॉटर्लू पुलावर गेला. कठड्यावरून तांब्याची ९६० फूट तार टाकली आणि तिच्या दोन्ही टोकांना जोडलेले पत्रे थेम्समध्ये सोडले. चुंबकीय क्षेत्रात वाहक हलला की विद्युतदाब निर्माण होतो, हे त्यानेच काही महिन्यांपूर्वी दाखवलं होतं. इथे वाहक म्हणजे नदी आणि चुंबक म्हणजे अख्खी पृथ्वी! (एवढी मोठी उपकरणं फुकटात कुणाला मिळतात?) गॅल्व्हॅनोमीटरचा काटा हललाही, पण वाट्टेल तसा. पत्रे आणि पाणी यांच्यातल्या रासायनिक क्रियेची वीज मधे कडमडत होती.

आजच्या कांडीच्या टोकात कॉइल असते आणि तिच्या चुंबकत्वाची दिशा सेकंदाला अनेकदा उलटवली जाते. प्रवाहामुळे आलेला दाबही तिच्याबरोबर उलटतो, रासायनिक दाब जागचा हलत नाही. वजाबाकी केली की उरतो तो प्रवाहाचा. फॅरडेला पृथ्वी उलटी करता येत नव्हती, एवढाच काय तो फरक.

साखर कारखान्यातलं कंडेन्सरचं पाणी, कूलिंग टॉवरच्या लाइनी, शहराच्या मुख्य जलवाहिन्या इथे ही कांडी शोभते. डिझेल किंवा डीएम (खनिजमुक्त) पाण्यात चालत नाही, कारण त्यांतून वीज नीट वाहत नाही.

आता माहितीपत्रकांतल्या अचूकतेविषयी. कांडी वेग मोजते, तोही टोकाशी. बाकीच्या पाण्याचा वेग गणिताने धरलेला असतो. जवळ बेंड असेल तर ते गणित फसतं. शिवाय वेगाला क्षेत्रफळाने गुणायचं, आणि जुन्या वाहिनीत आतून खरपुडी धरलेली. १००० मिलिमीटरच्या पाइपात चहूबाजूंनी १० मिलिमीटर थर साचला की क्षेत्रफळ सुमारे ४ टक्क्यांनी घटतं. मीटरला त्याचा पत्ताच नसतो, तो तेवढं पाणी जास्त दाखवत राहतो.

म्हणून गळती शोधायला, पंपावर नजर ठेवायला ही कांडी खुशाल घ्या. बिल आकारायचं असेल, तर पाइप कापून पूर्ण व्यासाचाच मीटर बसवा.