डोझर शिकायचा तर आधी पाय आवरा

शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगाव या पट्ट्यात जेसीबी गल्लोगल्ली दिसतो. साखळीपट्ट्यांचा डोझर मात्र ट्रेलरवर चढून येतो, कारण त्याच्या पट्ट्या डांबर उखडतात. जेसीबीवर हात बसलेला पोरगा डोझरवर चढला की पहिल्यांदा गोंधळतो तो पेडलपाशी. बहुतेक डोझरमध्ये इंजिन कामाच्या वेगावर लावून ठेवतात आणि पायाखालचं पेडल दाबलं की वेग वाढत नाही, उतरतो!

खरी कसरत ब्लेडची. नवशिका ब्लेड सतत वरखाली करतो. त्याने पडलेल्या खड्ड्यात मशीन डुलतं, ब्लेड आणखी खोल रुततं आणि सपाट करायच्या जमिनीवर लाटा उठतात. मुरलेला ऑपरेटर बोटभर हलवतो. लेव्हल त्याला बसल्या जागी कमरेला कळते. सुरुवातीच्या काही मीटरमध्ये ब्लेड भरून घ्यायचं, मग नुसतं वाहून न्यायचं. शक्यतो उताराच्या दिशेने. एकाच चरातून पुन्हा पुन्हा गेलं, की दोन्ही कडा माती धरून ठेवतात, बाजूला सांडत नाही. पट्ट्या जागीच फिरू लागल्या तर ब्लेड थोडं उचला; रेटण्यात फक्त डिझेल जळतं.

वरची काळी माती ओली असली की पट्ट्यांत घट्ट बसते. संध्याकाळी ती फावड्याने काढण्याचा कंटाळा महागात पडतो. डोझरच्या देखभालखर्चाचा मोठा वाटा पट्ट्या आणि रोलरच खातात. प्रमाणपत्र हवं असेल, तर इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिलचे ऑपरेटर-अभ्यासक्रम आहेत.