तिरंग्याचा जाबता

आरमारी शिस्तीत खलाशाच्या शिवलेल्या पोशाखावर वरिष्ठांची नजर सदैव असते. परंतु कापड व शिवण यांवरील नियमांच्या काटेकोरपणाची परिसीमा ज्याला पाहावयाची असेल, त्याने समुद्रापासून शेकडो मैल दूर, मराठवाड्यात यावे. लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे हातमागावर विणलेली खादी अहमदाबादेच्या गिरणीत धुऊन व रंगवून घेतली जाते आणि नांदेडास आल्यावर मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीच्या कार्यशाळेत तिचा राष्ट्रध्वज होतो.

या ध्वजाचा जाबता १९५१ साली मुक्रर झाला, आणि स्वतंत्र भारताच्या मानकांत त्याला पहिला क्रमांक मिळाला. लांबी-रुंदीचे प्रमाण ३:२. आकार नऊ, त्यांत सर्वांत थोरला ६३०० बाय ४२०० मिलिमीटरचा आणि सर्वांत धाकटा १५० बाय १०० चा. पट्टे समान रुंदीचे हवेत, सुताची बळकटी व रंगाचा पक्केपणा कसोटीस उतरला पाहिजे, आणि नौदलाच्या गणवेशासारख्या गडद निळ्या रंगाचे २४ आऱ्यांचे चक्र दोन्ही अंगांनी असे उमटले पाहिजे की, एका बाजूचा आरा दुसऱ्या बाजूच्या आऱ्यावर तंतोतंत बसावा. कापड पातळ आणि छाप दुहेरी, त्यामुळे हात किंचित जरी सरकला तरी ती कसूर उजेडात धरताच उघडी पडते. ज्यांनी हे काम केले आहे त्यांच्या डोळ्यांविषयी व धीराविषयी मला नितांत आदर वाटतो.

या कठोरपणात मला जुलूम दिसत नाही, कारण ज्या भूमीत हे काम चालते, त्या भूमीत निजामाच्या अमलाखाली हाच ध्वज उभारणे हा अपराध होता. १५ ऑगस्ट १९४७ रोजी हैदराबादेत तो फडकवून तुरुंगात गेलेले स्वामी रामानंद तीर्थ हेच पुढे या समितीच्या उभारणीमागील प्रेरक पुरुष ठरले. निजामाचा अंमल संपला त्या १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत ज्या ध्वजासाठी लोकांनी लाठ्या आणि गोळ्या सोसल्या, त्याचा एक टाकाही बेपर्वाईने पडू नये, अशी अपेक्षा येथे स्वाभाविकच आहे.

मात्र ध्वज हाताने कातलेल्या व हाताने विणलेल्या कापडाचाच असावा, ही जी अट कातणाऱ्या व विणणाऱ्या हातांना काम देत होती, ती ध्वजसंहितेच्या ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने सैल झाली, आणि यंत्रावर तयार झालेल्या व पॉलिएस्टरच्या ध्वजांनाही मंजुरी मिळाली. घरोघरी ध्वज पोहोचावा हा हेतू स्तुत्यच. तथापि कलेक्टर कचेरीपासून ग्रामपंचायतीपर्यंत सर्व सरकारी इमारतींवर तरी खादीचाच ध्वज चढावा, असा स्पष्ट हुकूम शासनाने काढावा आणि त्याची अंमलबजावणी तितक्याच सक्तीने करावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.