थर्मामीटर खरं बोलतोय ना?

विरजण लागलं नाही की आपण दुधाला बोल लावतो. पाव फुगला नाही की यीस्टला, जॅम पातळ राहिला की फळांना! पण घरात पदार्थात खुपसून पाहायचा थर्मामीटर असेल, तर भगिनींनो, आधी त्याचीच परीक्षा घ्या. नाहीतर चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची. प्रश्न नुसत्या चवीचाही नाही. कोंबडीचा मधला भाग ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापायला हवा. थर्मामीटर आठ-दहा अंश जास्त दाखवत असेल, तर अर्धकच्चं मांस मुलांच्या पानात पडेल.

पहिली परीक्षा बर्फाची. पेला बारीक फोडलेल्या बर्फाने गच्च भरा. बर्फ तरंगणार नाही इतकंच गार पाणी घाला, ढवळा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. सळईचं टोक मधोमध धरा, पेल्याला टेकू देऊ नका. काट्याचा थर्मामीटर असेल तर सळई पाच-सहा सेंटिमीटर आत हवी. आकडा शून्य दिसला पाहिजे. बर्फात मीठ मात्र घालू नका बरं का, त्याने तापमान शून्याच्याही खाली जातं.

दुसरी परीक्षा उकळत्या पाण्याची. इथे बऱ्याच जणी फसतात. १०० अंश हा आकडा समुद्रकाठचा. मुंबई-रत्नागिरीला तो बरोबर. पण उंची दर तीनशे मीटर वाढली की साधारण एक अंश कमी होतो. पुण्यात पाणी सुमारे ९८ अंशांना उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ ला. तेव्हा पुण्यात ९८ दिसले तर थर्मामीटर शहाणाच समजा! पुस्तकात जॅम १०५ अंशांवर उतरवा असं लिहिलेलं असेल, तर पुण्यात १०३ लाच उतरवावा. पुढे वाट पाहत बसलात तर जॅम चिवट होईल.

आता चूक सापडली तर काय करायचं? दोन्ही परीक्षांत सारखाच फरक आला, तर तो कागदावर लिहून कपाटाच्या दाराला चिकटवा आणि दरवेळी तेवढा हिशेब करा. काट्याच्या थर्मामीटरला तबकडीमागे नट असेल, तर सळई बर्फात ठेवूनच तो पान्याने हळूहळू फिरवा आणि काटा शून्यावर आणा. आकड्यांचा थर्मामीटर असेल तर आधी बॅटरी बदला. वायरचा असेल आणि आकडे उड्या मारत असतील, तर जोडातून पाणी शिरलं असण्याचा संभव असतो. एक-दोन दिवस कोरड्या जागी ठेवून पाहा. नाहीच सुधारला तर सळई नवी घ्यावी. फरक दरवेळी वेगळा येत असेल, तर मांसासाठी त्यावर मुळीच विसंबू नका.

विरजणापुरती एक सोपी युक्ती आहे. वाटीत ३८-३९ अंशांचं कोमट पाणी घ्या आणि त्यात तापाचा डिजिटल थर्मामीटर व हा, दोन्ही एकदमच बुडवा. आकडे जुळले की दुधाची काळजी मिटली. पाणी ४२ अंशांच्या वर मात्र नको, कारण तापाचा थर्मामीटर त्यापुढे मोजत नाही.

महिन्यातून एकदा आणि थर्मामीटर हातून पडला की लगेच, ही बर्फाची परीक्षा घ्यावी. पाच मिनिटांचं तर काम!